औषधातील विष आणि मुलांची मूत्रपिंडे

लहान मुलास औषध गोड करून द्यावे, ही माणसाची फार जुनी युक्ती आहे. वैद्य चाटणात मध कालवीत, आजीबाई काढ्यात खडीसाखर टाकीत. पाश्चात्य औषधविद्येने तीच युक्ती उचलली आणि सरबतासारखी पातळ, गोड, रंगीत औषधे बाटलीत भरली. मूल ती कुरकुर न करता घेते आणि आईही निर्धास्त असते. परंतु ह्याच गोडव्याच्या आडून गेल्या जवळजवळ नव्वद वर्षांत मुलांच्या मूत्रपिंडांवर पुनःपुन्हा घाला पडला आहे. त्या इतिहासातील दोन प्रकरणे महाराष्ट्रात घडली. एक १९८६ साली मुंबईस, दुसरे २०२५ साली नागपुरास. नाशिक ह्या दोन शहरांमधील वाटेवरचे गाव. शिवाय दोन्ही ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून आज जे डॉक्टर बाहेर पडतात त्यांच्या पदवीवर नाशकातीलच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे नाव असते. तेव्हा नाशिककरांनी ही हकीकत परक्या मुलखाची समजण्याचे कारण नाही.

प्रथम मूत्रपिंडाचे कार्य थोडक्यात पाहिले पाहिजे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीस एक नागमोडी नलिका जोडलेली असते. प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव ह्या गाळण्यांतून पाझरतो. पण मूत्ररूपाने बाहेर पडतो तो केवळ दीड-दोन लिटर. बाकीचे पाणी, क्षार व साखर नलिकांच्या पेशी परत रक्तात घेतात. हे काम अखंड चालणारे व फार शक्तीचे असल्यामुळे विषाचा पहिला तडाखा बहुधा ह्या नलिकांनाच बसतो. त्या निकामी झाल्या की मूत्र थांबते आणि शरीरातील मळ रक्तातच साचू लागतो.

आता १९३७ सालाकडे वळू. घशाच्या व इतर जंतुजन्य रोगांवर सल्फानिलामाइड हे औषध त्या काळी नवे व गुणकारी म्हणून गाजत होते. ते पाण्यात नीट विरघळत नसे. अमेरिकेतील टेनेसी संस्थानात एका औषधी कारखान्याच्या रसायनज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या द्रवात विरघळविले. हा द्रव बिनरंगाचा, दाटसर व चवीस गोड असतो. कारखानदारीत त्याचा उपयोग अनेक प्रकारांनी होतो. रंग, चव व वास ह्यांची परीक्षा झाली. ते पोटात गेल्यावर काय करते, ह्याची मात्र झाली नाही. थोड्याच आठवड्यांत १०५ माणसे दगावली. त्यांत ३४ मुले होती. सर्वांचे मूत्र बंद पडले होते.

त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात औषध निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याची अटच नव्हती. बाटलीवर ‘एलिक्झिर’ असे लिहिलेले होते, आणि त्या नावाच्या औषधात मद्यार्क असावा लागतो. तो नव्हता, एवढ्याच कारणावरून सरकारला माल जप्त करता आला! पुढच्याच वर्षी, १९३८ साली, तेथील कायदा बदलला. शिकागो विद्यापीठात ह्या द्रवाचे प्राण्यांवर प्रयोग करून विषाचा छडा लावणाऱ्यांत फ्रान्सिस केल्सी ही तरुण विद्यार्थिनी होती. पुढे १९६० नंतर थॅलिडोमाइड ह्या घातक औषधास अमेरिकेत परवानगी नाकारणाऱ्या अधिकारी त्याच होत. हिंदुस्थानातही १९४० साली औषधांचा कायदा झाला. एका दुर्घटनेने जग शहाणे झाले, असे तेव्हा वाटले असल्यास नवल नाही.

पण शहाणपण कायद्याच्या पुस्तकात राहिले आणि विषाचे पिंप बाजारात फिरत राहिले. औषधी ग्लिसरीन व प्रॉपिलीन ग्लायकॉल हे पातळ औषधांचे नेहमीचे निर्धोक आधारद्रव्य. डायएथिलीन ग्लायकॉल दिसण्यास व चवीस तसेच, पण किमतीने स्वस्त. त्यामुळे कधी लोभाने, कधी हयगयीने एकाच्या जागी दुसरे येते, आणि पिंपावरच्या चिठ्ठीवर विसंबणारा फसतो.

१९८६ च्या आरंभी मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात हेच घडले. मेंदूवरील व डोळ्यातील दाब उतरविण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन पाजीत असत. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. मूत्रपिंडे बंद पडून १४ रुग्ण मरण पावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन ह्यांच्या आयोगाने चौकशी केली आणि रुग्णालयातील खरेदीपासून औषध-प्रशासन व मंत्रालयापर्यंतच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. दोष एका हाताचा नव्हता. प्रत्येकाने आपल्या आधीच्याने तपासले असेल असे धरून चालले होते.

ह्यापुढची प्रकरणे मात्र मुख्यतः बालकांचीच आहेत. बांगलादेशात १९९० ते १९९२ ह्या तीन वर्षांत डाक्क्याच्या बालरुग्णालयात मूत्रपिंडे निकामी झालेली ३३९ मुले आली. त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक वाचली नाहीत. तापावरच्या पातळ पॅरासिटामॉलमध्ये विष असल्याचे उघड झाले, विक्री बंद झाली आणि अशा रुग्णांची संख्या झपाट्याने उतरली. १९९८ साली दिल्लीजवळ गुडगावकडील ३६ मुलांना खोकल्याच्या औषधातून हीच बाधा झाली. ३३ मुले मरण पावली. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात सुमारे सत्तर मुले गेली, आणि भारतात बनलेल्या चार औषधांसंबंधी जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला. भारत सरकारने आपल्या तपासणीत दोष आढळला नसल्याचे सांगितले. तथापि १ जून २०२३ पासून परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या औषधांची निर्यातीपूर्वी सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची केली. देशातल्या मुलांच्या बाटलीला ती अट तेव्हा लागली नाही.

तिची उणीव दोनच वर्षांनी भासली. २०२५ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून नागपूरच्या रुग्णालयांत एकामागून एक मुले येऊ लागली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. आधी साधा ताप-खोकला, मग उलट्या, आणि मग मूत्र बंद. पावसाळ्याच्या अखेरीस अशा लक्षणांवरून संसर्गाचा संशय येणे स्वाभाविक होते. परंतु एकाच भागातील, एकाच वयाची, एकाच लक्षणांची मुले पाहून डॉक्टरांनी मुलाला काय पाजले होते, हा प्रश्न विचारला. ऑक्टोबरच्या आरंभी तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने त्या खोकल्याच्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल असल्याचे जाहीर केले. आधारद्रव्यात मान्य असलेली मर्यादा ०.१ टक्का आहे! महाराष्ट्राच्या औषध-प्रशासनाने त्या औषधाची विक्री व वापर थांबविण्याचा आदेश दिला; पण तोवर वीसच्या आसपास घरांतील मुले गेली होती किंवा मृत्यूशी झुंजत होती.

ह्या विषावर उपाय आहे की नाही? आहे, पण तो वेळेशी शर्यत लावणारा आहे. डायएथिलीन ग्लायकॉल यकृतातील एका किण्वाच्या योगाने पालटत जाते आणि शेवटी डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते. खरा घातक पदार्थ हे आम्लच होय, असे अमेरिकेतील लुइझियाना येथील केनेथ मॅकमार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले. ते नलिकांच्या पेशींत साचते आणि पेशींचा शक्तिपुरवठाच तोडते. फोमेपिझोल नावाचे औषध त्या किण्वास अडविते. उंदरांना ते वेळीच दिले असता मूत्रपिंडे बचावली. मनुष्यांसाठी ते ह्याच जातीच्या दुसऱ्या विषावर १९९७ पासून अमेरिकेत मान्य असून २०१३ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. २०२२ साली अशाच बाधेने दोनशेहून अधिक मुले गमाविलेल्या इंडोनेशियाने ते परदेशांतून घाईने मागविले होते. हे आम्ल पेशींत शिरते त्या वाटाच बंद करता येतील काय, ह्याचा शोध आता चालू आहे.

तथापि मूत्र बंद पडून मूल रुग्णालयात येते तेव्हा विषाचे आम्ल बहुधा झालेले असते. मग आधार उरतो डायलिसिसचा. विलेम कोल्फ ह्यांनी १९४३ साली हॉलंडमध्ये कृत्रिम मूत्रपिंड प्रथम वापरले. आज तान्ह्या बाळासाठीही पोटाच्या पडद्यातून डायलिसिस करता येते. नलिकांच्या पेशी पुन्हा उगवू शकतात, म्हणून त्यांना अवधी मिळवून देणे हेच ह्या उपचाराचे मर्म. पण वाचलेल्यांतही काहींना पुढे चेहऱ्याचा व हातापायांचा पक्षाघात होतो, कारण हे विष मज्जातंतूंनाही सोडीत नाही.

अशा रीतीने ह्या रोगाचा इतिहास इतर रोगांहून वेगळा ठरतो. अन्य व्याधींत उपचार सापडेपर्यंत मुले मरतात. येथे प्रतिबंध १९३७ सालीच सापडला होता, आणि तो अगदी साधा आहे: पिंप फोडल्यावर द्रव तपासावा, मग औषध करावे. ही तपासणी साध्या प्रयोगशाळेतही करता येते. घरच्यांच्याही हाती काही आहे. लहान मुलाचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. दोन वर्षांखालील मुलास खोकल्या-सर्दीचे औषध देऊ नये, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये डॉक्टरांस कळविलेच आहे. औषध चालू असता मुलाचे मूत्र कमी झाले तर क्षणभरही न थांबता त्यास रुग्णालयात न्यावे, आणि बाटली फेकून न देता सोबत न्यावी. छिंदवाड्याच्या मुलांच्या बाबतीत निर्णायक साक्ष रक्ताने दिली नाही. ती बाटलीने दिली.