सात घरं

तर झालं असं, की यंदाच्या पावसाळ्यात आमच्या नंदुरबारच्या जुन्या घरात मांजर व्याली. मांजर आमची नाही, तशी ती कोणाचीच नाही. माडीवर रिकाम्या पोत्यांच्या मागे मोठमायच्या जुन्या लुगड्यांचं गाठोडं आहे (आत्या, तेच, जे तू दर दिवाळीला टाकून द्या म्हणतेस), त्यावर तिने तीन पिल्लं घातली. आणि नेमकं त्याच आठवड्यात आम्ही छपराचं काम काढलेलं. दिवसभर पत्र्यावर हातोडे. दोन दिवस ती जो दिसेल त्याच्यावर फिस्कारत होती, समोर ठेवलेलं खात नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गाठोडं रिकामं, आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर एकच पिल्लू पडलेलं. डोळे मिटलेले, अंग गार. ओरडतही नव्हतं.

पहिली धाव अर्थातच दुधाच्या पातेल्याकडे. नशिबाने आधी ओळखीच्या पशुवैद्यकांना फोन केला. ते म्हणाले, दूध अजिबात नको. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, आधी ऊब द्या. पहिले काही आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची उष्णता राखता येत नाही, ती आईकडून आणि भावंडांकडून मिळते. आणि गाईचं दूध तर नकोच. मांजरीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश त्याहून बराच जास्त असतो, गाईच्या दुधाने पिल्लाला जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला ते भारी पडतात. मग गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळली, खोक्यात लुगड्याचा तुकडा अंथरला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लू भरलं ९५ ग्रॅम. आमच्याकडच्या मोठ्या लिंबाएवढं!

तासाभराने ते वळवळलं, मग ओरडायला लागलं. डॉक्टरांचं पुढचं सांगणं होतं, की खोकं जिन्यापाशीच ठेवा, छपराचं काम थांबवा, आईसाठी खाणं-पाणी जवळ ठेवा आणि तिथून निघून जा. संध्याकाळपर्यंत वाट बघा. ती नाहीच आली, तर पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर, दर दोन-तीन तासांनी, पिल्लाला पालथं धरून (बाळासारखं उताणं नव्हे, दूध फुप्फुसात जातं), आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पुसून शी-शू करवणं. तेही आईच चाटून करवते, त्याशिवाय पिल्लाला होत नाही.

म्हणजे आता काम एकच, काही न करणं. मला ते मुळीच जमत नाही. मग खालच्या खोलीत पुस्तकं आणि इंटरनेट घेऊन बसले.

डोक्यात मोठमायचं वाक्य फिरत होतं. लहानपणी मांजर व्याली की ती आम्हाला दाराशीच अडवायची, "हात नको लावजो, ती लई जाई!" आणि मग तो सिद्धांत, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडतात. महाराष्ट्रात हे कुणी ऐकलं नाही असं घर नसेल. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास आपोआप उघडतात, घरांशी त्याचा संबंध नाही. पण फिरवणं खरं आहे. त्याच दिवसांत ती जागा बदलते, म्हणून लोकांनी दोन्ही गोष्टींची गाठ मारली. माणसाच्या हाताचा वास लागला की पिल्लू टाकते हेही तितकंसं खरं नाही. वास ती सहसा चालवून घेते. तिला चालत नाही ती वर्दळ.

का चालत नाही, याचं उत्तर बरंच जुनं आहे. २००४ साली सायप्रस बेटावरच्या एका दफनाची माहिती प्रसिद्ध झाली. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा माणूस, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर पुरलेलं एक मांजर. बेटावर मांजर मुळात नव्हतंच, म्हणजे कुणीतरी होडीतून नेलेलं. २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं, की जगभरच्या घरमांजरांचं मूळ पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेकडच्या एका रानमांजराच्या जातीत आहे. नेमकं कुठून आणि कधी कुठे पोचलं यावर अजून वाद चालू आहेत, पण कारणाबद्दल फारसा वाद नाही. माणूस धान्य साठवू लागला, उंदीर आले, उंदरांमागून मांजर आलं. कुत्र्यासारखं त्याला कुणी शिकवलं नाही, गाईसारखं दावणीला बांधलं नाही. त्या रानमांजराची मादी एकटीच पिल्लं वाढवते. धोका वाटला की एकेक पिल्लू मानेला धरून दुसऱ्या बिळात नेते. हजारो वर्षं आपल्या कणग्यांजवळ राहूनही तिने बाळंतपणाचं खातं आपल्याकडे सोपवलेलं नाही. माझ्या जिन्यावर जे झालं त्याला तिचा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. तीन पिल्लं, एक तोंड आणि वर हातोडे. तिसरी खेप राहिली होती एवढंच.

आपल्या उपखंडातला मांजराचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा चन्हुदडोचा. सिंधू संस्कृतीचं हे गाव १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी खणलं. तिथे एक वीट मिळाली. ओली असताना तिच्यावरून मांजर पळालं आणि त्यामागे कुत्रा, दोघांचे पाय उमटलेले. चार हजारांहून अधिक वर्षं झाली, पाठलाग अजून चालूच! आमच्या जिल्ह्यातही तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशा आहे. १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. प्रकाशाला आपण दक्षिण काशी म्हणून जातो, दर्शन घेतो, भजी खातो आणि परत येतो. त्या टेकाडाखाली शेतकऱ्यांची साडेतीन हजार वर्षं आहेत हे मलाही फार उशिरा कळलं.

पुस्तकांत शिरल्यावर आणखी एक ओळखीची गोष्ट भेटली, मार्जारन्याय. रामानुजांच्या परंपरेत तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास वाद रंगला, की देवाच्या कृपेसाठी भक्ताने काही करायचं की नाही? वडकलै म्हणाले, माकडाच्या पिल्लासारखं आईला घट्ट धरायला हवं. तेन्कलै म्हणाले, मांजराच्या पिल्लासारखं असावं, ते काही करत नाही, आईच उचलते. कॉलेजात हे शिकताना मला ते निव्वळ रूपक वाटलं होतं. आता वाटतं, त्या आचार्यांपैकी कुणीतरी माडीवर मांजर पाहिलेली असणार. मानेला धरलं की पिल्लू अंग सैल सोडतं, पाय पोटाशी घेतं, गप्प होतं. ते धडपडलं तर आईला उड्या मारून नेता येणारच नाही.

आणि आपली सटवाई! पाचवी-सहावीच्या रात्री बाळाच्या कपाळी लिहायला येणारी. बंगालात तिची बहीण शोभेल अशी षष्ठीदेवी आहे आणि तिचं वाहन मांजर. तिकडच्या व्रतकथेत धाकटी सून चोरून खाते आणि आळ काळ्या मांजरीवर घालते. मांजर मग सुनेची बाळं एकामागून एक उचलून देवीकडे नेते. सून मागे धावते, माफी मागते, तेव्हा बाळं परत मिळतात. बाळंतिणीच्या देवतेला मांजरच का मिळाली असेल, हे मला त्या दुपारी कुणी न सांगता पटलं. अंधारी खोली, ऊब, वर्दळ नको, बाळंतिणीला आधी वाढा. आपल्या बाळंतघराचे नियम मांजरीने लिहिल्यासारखेच आहेत.

प्लेगचा इतिहासही इथेच येऊन मिळतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं, म्हणजे उंदीर. पुढे वर्षानुवर्षं तो इलाखाभर फिरला, खानदेशातही आला. पिसवांचा हात आहे हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं, पण ते सर्वमान्य व्हायला वेळ लागला. १९०८ साली अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला, मांजरं प्लेग रोखतात. ज्या गावांत मांजरं भरपूर, तिथे प्लेगचा जोर कमी, असं त्यांचं निरीक्षण. त्याच वर्षी जपानला गेलेल्या रॉबर्ट कॉख यांनीही मांजरं पाळायचा सल्ला दिला. आज आपल्याला माहीत आहे, की मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसालाही होऊ शकतो. त्यामुळे ब्यूकॅनन साहेबांचा उपाय जसाच्या तसा घेता येणार नाही. पण इंग्रजी अंमलातला एक सर्जन वऱ्हाडातल्या मांजरांचा हिशेब ठेवतो, हे चित्र मला फार आवडतं.

प्लेग आमच्या पिढीनेही पाहिला. सप्टेंबर १९९४, सुरत. लाखो लोक शहर सोडून निघाले आणि त्यातले कितीतरी तापी लाइनने आमच्याकडे आले, कारण सुरतेत खानदेशी माणूस घरोघर. स्टेशनवर तोंडाला रुमाल बांधलेली गर्दी मला आठवते. टेट्रासायक्लीन मिळेना. सुरतेहून आलेल्या काकांना घरात घ्यायचं की नाही यावर आमच्याकडे ओसरीवर भांडण झालं. मोठमायने त्यांना आत घेतलं, वेगळ्या खोलीत ठेवलं आणि ताट दाराशी सरकवायला लागली. काका धडधाकट होते, पण दहा दिवस तिने कुणाला आत जाऊ दिलं नाही. अडवायचा हात तोच, मांजर व्याली की आम्हाला अडवणारा.

असो. संध्याकाळचे सात वाजले, मांजर नाही. पिल्लाचा आवाज बारीक व्हायला लागला. मी पावडर आणायला चपला घातल्या, तेवढ्यात वरून भाच्याने खूण केली. दिवा बंद करून आम्ही दोघं दाराआड उभे राहिलो. ती कठड्यावरून आली. आधी उकडलेलं अंडं खाल्लं, सगळं. पाणी प्यायली. मग खोक्यात उतरली आणि चाटण्याचा आवाज यायला लागला. पिल्लू दुधाला लागलं असावं, कारण ओरडणं एकदम थांबलं. चांगली पाऊण तास ती तिथेच होती. मग मानेला धरून त्याला उचललं आणि भिंतीवरून अंधारात गेली.

छपराचं काम आठ दिवस तसंच राहिलं, मिस्तरी नाराज. मी रोज कठड्यावर खाणं ठेवत होते, ती येऊन खाऊन जायची, कुठून ते कळू द्यायची नाही. नवव्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या काकूंनी हाक मारली. त्यांच्या मागच्या पडवीत, मिरचीच्या रिकाम्या बारदानांवर, तीन. तिघांचेही डोळे किलकिले उघडलेले. आमचं कुठलं ते ओळखता आलं नाही.

काकूंना म्हटलं, हात लावू नका हं. त्या म्हणाल्या, "मला सांगतेस? हे तिचं तिसरं घर, अजून चार बाकी आहेत."