विसरलेले मोर्तब: संदेशाचा शेवट कोण राखतो?

१/ शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे आहेत, म्हणजे पत्राची मर्यादा येथवर. त्याखाली कोणी ओळ वाढवली, तर ती उपरी ठरे. संगणकयुगात हेच मोर्तब विसरले गेले, त्याची ही कथा.

२/ शिक्क्यात एक उणीव होती. तो प्रत्येक पत्रावर सारखाच उमटे. मजकुराशी त्याचा संबंध नसे. शंभराचे हजार केले, तरी शिक्का तसाच. कागदावर निदान खाडाखोड दिसते. तारेच्या युगात ती सोयही उरली नाही.

३/ तारेने पैसे पाठवणाऱ्या बँकांनी यावर तोड काढली. दोन्ही टोकांना आकड्यांचे गुप्त तक्ते असत. रक्कम, तारीख, चलन यांपुढचे आकडे घेऊन बेरीज करायची आणि ती तारेत घालायची. पलीकडे तीच बेरीज पुन्हा करून ताडून पाहत. जुळली तरच पैसे मिळत. या आकड्याला ‘टेस्ट की’ म्हणत.

४/ मेसेज ऑथेंटिकेशन कोड, म्हणजे ‘मॅक’, हा त्याच बेरजेचा प्रगत वंशज. गुप्त किल्ली आणि संपूर्ण संदेश एका सूत्रातून काढले की छोटा ठसा मिळतो. संदेशातील एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. मॅक संदेश लपवत नाही. तो अस्सल आहे एवढीच ग्वाही देतो. १९८५ साली अमेरिकी सरकारने असा मॅक मानक म्हणून स्वीकारला.

५/ पुढे एमडी५सारखी वेगवान हॅश सूत्रे आली. त्यांना स्वतःची किल्ली नसते. तेव्हा अनेकांनी सोपी वाट धरली: आधी किल्ली, मागोमाग संदेश आणि सगळ्याचा मिळून हॅश. वरचा शिक्का झाला. खालचे मोर्तब राहून गेले.

६/ ही सूत्रे संदेश तुकड्यातुकड्याने पचवतात. शेवटच्या तुकड्यानंतरची स्थिती हाच ठसा. म्हणून ठसा ज्याच्या हाती पडला, तो तेथून गणित पुढे चालवू शकतो. किल्ली ठाऊक नसतानाही, केवळ तिची लांबी ओळखून, तो संदेशाच्या शेपटाला नवा मजकूर जोडतो आणि त्याचा बिनचूक ठसाही काढतो.

७/ १९९६ साली मिहिर बेलारे, रान कॅनेटी आणि ह्यूगो क्राव्झिक यांनी ‘एचमॅक’ मांडला. पहिला हॅश झाला की त्याच किल्लीच्या दुसऱ्या रूपासह त्याचा पुन्हा हॅश करायचा. आतली स्थिती आता बाहेर दिसत नाही. पुढे जोडायला जागाच उरत नाही. हा दुसरा हॅश म्हणजेच मोर्तब.

८/ तरीही धडा सर्वांपर्यंत पोहोचला नाही. २००९ साली थाई डुओंग आणि ज्युलियानो रिझो यांनी फ्लिकरच्या प्रणालीत नेमकी हीच उणीव दाखवली. एचमॅकचे तपशील १९९७ पासून सर्वांसाठी खुले होते.

९/ आज ऑथेंटिकेटर ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा अंकी आकडा एचमॅकमधूनच निघतो. गणित नवे असले, तरी त्यामागची जाण जुनी आहे. लिहिलेले राखायचे, तर ते कोठे संपते हेही राखावे लागते. मराठीने म्हणूनच ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द जोडीने जपला असावा.