तुकडे जोडणारे हात

आपल्या भंडारा जिल्ह्यात गोधडी माहीत नाही अशी बाई सापडणार नाही. आईचं जुनं लुगडं, बाबांचं धोतर, लेकराचं झबलं एकावर एक अंथरायचं आणि धावदोरा घालत जायचं. माझ्या आजीची गोधडी आम्ही धान वाळवायला अंथरली, फाटल्यावर टाकून दिली. ती तिने कोणत्या साली शिवली, हे सांगणारं आज घरात कोणी नाही.

तुकडे जोडण्याचं हे काम फार जुनं आहे. आपल्या पवनीचंच बघा. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खोदकाम केलं, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप सापडला. म्हणजे चीवर पांघरलेले भिक्खू इथे वावरत होते. हे चीवर अखंड कापडाचं नसतं. विनयपिटकात गोष्ट आहे. मगधातली शेतं पाहून बुद्धांनी आनंदाला विचारलं, असं वस्त्र शिवता येईल का? आनंदाने कापड कापून तसं शिवलं. आपल्याला हे लगेच कळतं: बांध्या म्हणजे तुकडे, धुरे म्हणजे शिवण. शिवाय कापलेल्या कापडाचा कोणाला लोभ होत नाही.

बौद्ध धर्माबरोबर तुकड्यांचं चीवर कोरियातही पोचलं. तिथल्या घरोघरच्या बायकाही तुकडे जोडत. जोसॉन राजघराण्याच्या काळात, म्हणजे 1392 ते 1910 मध्ये, उरलेल्या कापडाचे रुमाल शिवले जात. त्यांना म्हणतात जोगाकबो. त्यात सामान बांधायचं, जेवण झाकायचं. आपली गोधडी उबेसाठी अनेक थरांची; जोगाकबो बरेचदा एकाच थराचा. म्हणून शिवण दोन्ही बाजूंनी साफ लागते.

तशी शिवण आपणही शिकू. धुतलेल्या जुन्या सुती कापडाचे चार इंची नऊ चौकोन कापा. दोन चौकोन एकमेकांवर ठेवा, पण खालच्याची कड पाव इंच बाहेर राहू द्या. वरच्या कडेपासून थोडं आत धावदोरा घाला. मग बाहेरची कड आतल्या कडेवरून दुमडा, चौकोन उघडून ती घडी आडवी पाडा आणि तुरपाई करा. सुटा धागा कुठेच दिसणार नाही. तीन-तीनच्या तीन ओळी करून त्याही अशाच जोडा. चारही कडा दुमडून तुरपल्या, की दुधाच्या गंजावर झाकायला रुमाल तयार.

आता शेवटचं. पवनीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांची नावं दगडांवर ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, त्यांत बायकाही आहेत. कोरियात हु दोंग-ह्वा या संग्राहकाने जमवलेले जोगाकबो आज सोलच्या हस्तकला संग्रहालयात जपले आहेत. जमवणाऱ्याचं नाव राहिलं, शिवणाऱ्या बहुतेक बायकांचं राहिलं नाही. माझ्या आजीचंही नाही.

म्हणून रुमाल झाला की कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने आपलं नाव, गाव आणि साल टाका. आणि घरी जुनी गोधडी असेल, तर ती कोणी शिवली ते आजच आईला, सासूला विचारून तिच्यावरही नाव टाका. सांगणारी आहे, तोवरच हे होईल.