लष्कराच्या मालमोटारी आणि मेहकरची वाट

पैनगंगेच्या काठचे मेहकर लोहमार्गापासून दूर राहिले, तरी नागपूर आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) यांना जोडणाऱ्या जुन्या वाटेवर असल्यामुळे सैन्यांच्या मुक्कामांपासून त्याची सुटका कधीच झाली नाही. 1769 मध्ये जानोजी भोसल्यांविरुद्धच्या मोहिमेत माधवराव पेशव्यांची छावणी येथे पडली होती, आणि 1817 च्या अखेरीस अप्पासाहेब भोसल्यांवर चालून निघालेला ब्रिटिश सेनानी डव्हटन येथे तळ देऊन 12 डिसेंबरला नागपुरास पोहोचला. अशा मोहिमांच्या वर्णनांत सेनापतींची नावे आणि लढायांच्या तारखा ठळकपणे येतात, परंतु त्या सैन्यांचे धान्य आणि चारा कोणी वाहिला, याला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. लष्करी वाहनांचा या प्रदेशातील इतिहास मात्र तेथूनच सुरू करावा लागतो. कारण त्या काळी सैन्य लोकांकडून वाहतूक भाड्याने घेत असे, तर विसाव्या शतकात लोकांनी सैन्याने टाकलेली वाहतूक विकत घेतली.

ही जुनी वाहतूक प्रामुख्याने बंजाऱ्यांच्या हाती होती. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ दूरदेशी नेण्याच्या त्यांच्या व्यवसायाला लदेणी म्हणत, आणि नाइकाच्या हुकमतीखाली चालणारा त्यांचा काफिला व वस्ती या दोहोंना तांडा म्हणत. 1803 मध्ये असई, अडगाव आणि गाविलगड येथे लढलेल्या आर्थर वेलस्लीच्या फौजेचे पोट याच तांड्यांवर अवलंबून होते, आणि त्याचा पत्रव्यवहार त्यांच्या उल्लेखांनी भरलेला आहे. 1867 मध्ये लोहमार्ग भुसावळकडून नागपूरपर्यंत पोहोचला, 1870 मध्ये खामगावला फाटा मिळाला आणि लदेणीचा कणा मोडला. मेहकरसारख्या आडबाजूच्या गावांचा कापूस त्यानंतरही कित्येक दशके बैलगाड्यांतूनच खामगावच्या बाजाराकडे जात राहिला.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, खासगी मोटारींना कोळशाच्या गॅसवर चालवण्याची वेळ आली आणि नव्या गाड्या व सुटे भाग मिळेनासे झाले. त्याच काळात भारतातील छावण्यांत मात्र परदेशी मालमोटारींची रीघ लागली होती. अमेरिकेच्या जनरल मोटर्सची सहाही चाकांना जोर पुरवणारी अडीच टनी गाडी पाच लाखांहून अधिक संख्येने बनली, आणि कॅनडाने युद्धकाळात सुमारे आठ लाख लष्करी वाहने तयार केली. कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोले यांनी बनवलेल्या, आखूड नाकाच्या मालमोटारी ब्रिटिश गरजेनुसार उजव्या सुकाणूच्या असल्याने भारतीय रस्त्यांना सरळ जुळणाऱ्या होत्या; ही बाब क्षुल्लक वाटली तरी अरुंद सडकेवर समोरून येणाऱ्या गाडीला जागा देताना तिचे मोल चालकालाच कळे.

युद्ध संपल्यावर हा साठा परत नेणे परवडणारे नव्हते. मे 1946 मध्ये अमेरिका आणि भारत यांच्यात उरलेल्या सामग्रीबाबत करार झाला, आणि सरकारच्या विल्हेवाट खात्यामार्फत वाहने विक्रीस निघाली. विल्हेवाटीच्या इंग्रजी शब्दावरूनच ‘डिस्पोजलची गाडी’ हा प्रयोग मराठीत रूढ झाला. टाटांची मर्सिडीज-बेन्झ बनावटीची मालमोटार जमशेदपूरहून 1954 मध्ये बाहेर पडेपर्यंत देशी उत्पादन तुटपुंजे होते. म्हणून मधल्या आठ वर्षांत या गाड्यांनी भरून काढलेली पोकळी देशाच्या मालवाहतुकीच्या इतिहासात आजवर मिळाली त्याहून मोठ्या जागेस पात्र आहे.

अशी गाडी विकत घेणे हा व्यवहाराचा केवळ आरंभ असे. चारही चाकांना जोर देणाऱ्या वाहनात गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची आणखी एक पेटी असते, जी इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या आसांत वाटते; पावसाळ्यात वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत साधी मालमोटार रुतते तेथे हीच पेटी गाडी बाहेर काढते. पण पेटीची निगा खर्चीक, पेट्रोलची भूक मोठी आणि नवे सुटे भाग दुर्मीळ, त्यामुळे मूळ इंजिन काढून डिझेलचे बसवणे, लाकडी बॉडी नव्याने बांधणे आणि दोन निकामी गाड्यांतून एक चालती करणे हे मिस्तरींचे कसब झाले. बंगालमधील पानागढसारखी लष्करी तळाशेजारची गावे याच सुट्या भागांच्या बाजारावर वाढली.

यानंतरचा पुरवठा जबलपूरहून आला, जे 1956 पर्यंत मेहकरच्याच राज्यात होते. तेथे 1959 मध्ये जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ मालमोटार तयार होऊ लागली, त्यापाठोपाठ निसानची एक टनी गाडी आणि जोंगा ही जीपसारखी गाडी आल्या, आणि 1969 मध्ये स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला. सेवेतून काढलेली ही वाहने लिलावात जात, आणि ईशान्येच्या डोंगराळ भागात शक्तिमानने नागरी मालवाहतुकीत दीर्घकाळ काम केले.

लिलावातील वाहनाला लष्कराचा, बाणाचे चिन्ह असलेला क्रमांक उतरवून परिवहन कार्यालयात नवी नोंदणी घ्यावी लागते (बुलढाणा जिल्ह्यात एमएच 28 या संकेताची), आणि ओढून नेण्याच्या ट्रेलरलाही कायदा स्वतंत्र वाहन मानतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यातील 121 व्या नियमानुसार संरक्षण खात्याखेरीज कोणत्याही वाहनास ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही, म्हणजे जतन करणाऱ्यालाही गाडीचे मूळ रूप रस्त्यावर दाखवता येत नाही. 2021 मध्ये 50 वर्षांहून जुन्या वाहनांसाठी नोंदणीची खास सोय झाली, ज्यात क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. परंतु ती दुचाकी आणि प्रवासी चारचाकी वाहनांपुरतीच आहे. जुनी जीप त्या सोयीत बसू शकते, पण मालमोटार बसत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे, कारण ज्या वाहनांनी रेल्वे नसलेल्या प्रदेशांचा माल वाहिला, नेमकी तीच वारशाच्या व्याख्येबाहेर राहून भंगाराच्या तराजूवर जात आहेत.