निवासी इमारतीतील काचेचे वाढीव बांधकाम व ऊर्जा संहिता

काचेचे वाढीव बांधकाम म्हणजे राहत्या घराला नंतर जोडलेली, बाह्य भिंतींचा मोठा भाग काचेचा असलेली खोली, बंदिस्त व्हरांडा किंवा बैठक होय. अशा खोलीत उजेड भरपूर येतो, पण तिच्यातून उष्णतेची देवाणघेवाण विटांच्या खोलीपेक्षा कितीतरी जास्त होते. म्हणून अनेक देशांच्या बांधकाम नियमांत काचेच्या क्षेत्रफळावर अथवा तिच्या गुणधर्मांवर मर्यादा घातलेल्या आहेत. भारतात निवासी इमारतींसाठी या मर्यादा 'इको-निवास संहिता' या नियमावलीत दिलेल्या आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंद्यासारख्या पर्जन्यछायेतील गावी या प्रश्नाचे स्वरूप थंड देशांपेक्षा वेगळे आहे. तेथे उष्णता आत टिकवण्याऐवजी ती बाहेर रोखावी लागते.

== नियमांची पार्श्वभूमी ==

ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला आणि त्यानुसार १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्युरोची स्थापना झाली. सुरुवातीची इमारत संहिता व्यापारी इमारतींपुरती होती. निवासी इमारतींच्या बाह्य आवरणासाठीचा इको-निवास संहितेचा पहिला भाग केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी प्रकल्प हे तिचे मूळ कार्यक्षेत्र आहे. अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने किमान १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. ही मर्यादा आणखी खाली आणण्याचा अधिकार राज्यांना आहे. महाराष्ट्रात ऊर्जा संवर्धनाच्या कामासाठी 'महाऊर्जा' ही नियुक्त संस्था आहे.

बांधकाम परवानगी हा याहून निराळा विषय आहे. वाढीव खोली काचेची असली तरी ती बांधकामच ठरते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तिच्यासाठी नियोजन प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. श्रीगोंदा शहरात नगरपरिषद आहे.

== संहितेतील निकष ==

'''आवरण उष्णता पारेषण मूल्य''' (आरईटीव्ही) : छत वगळता घराच्या सर्व बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेचे हे सरासरी माप आहे. थंड विभाग सोडून सर्वत्र ते दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा जास्त नसावे. यात तीन घटकांची बेरीज होते : भिंतीतून वाहणारी उष्णता, काचेतून वाहणारी उष्णता आणि काचेतून थेट येणारे ऊन. उष्ण-कोरड्या विभागासाठी त्यांचे गुणांक अनुक्रमे ६.०६, १.८५ आणि ६८.९९ आहेत. संमिश्र विभागासाठीही हेच गुणांक लागू आहेत. तिसरा गुणांक सर्वांत मोठा असल्याने काचेची जाडी वाढवण्यापेक्षा ऊन अडवण्याचा परिणाम अधिक होतो.

'''दिशा गुणांक''' : २३.५ अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेकडील भागासाठी उत्तर दिशेचा गुणांक ०.६५९, दक्षिणेचा ०.९६६, पूर्वेचा १.१५५ आणि पश्चिमेचा १.१५६ आहे.

'''छत''' : छताचे यू-मूल्य, म्हणजे एका अंशाच्या तापमानफरकाला दर चौरस मीटरमधून वाहणारी उष्णता, १.२ वॅटपेक्षा जास्त नसावे. साध्या एकेरी काचेचे यू-मूल्य ५ हून अधिक असते आणि साध्या दुहेरी काचेचे सुमारे २.८. त्यामुळे संपूर्ण छत अशा काचेचे केल्यास ही अट पाळता येत नाही.

'''वायुवीजन''' : उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ चटई क्षेत्राच्या किमान काही टक्के असावे लागते. उष्ण-कोरड्या विभागात हे प्रमाण १० टक्के, तर संमिश्र विभागात १२.५ टक्के आहे. दोन पाखांच्या सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो. म्हणून २० चौरस मीटरच्या खोलीत १० टक्क्यांच्या हिशेबाने २ चौरस मीटर उघडे क्षेत्र हवे असल्यास अशी खिडकी ४ चौरस मीटरची घ्यावी लागते. न उघडणाऱ्या काचेची मोजणी यात होत नाही.

'''प्रकाश पारगम्यता''' : ऊन टाळण्यासाठी अतिगडद काच बसवली जाऊ नये, म्हणून दृश्य प्रकाशाची किमान पारगम्यताही ठरवलेली आहे. काच भिंतीच्या ३० टक्क्यांपर्यंत असल्यास ती किमान ०.२७, आणि ५१ ते ६० टक्के असल्यास ०.१३ असावी लागते.

== उदाहरण ==

आरईटीव्ही संपूर्ण आवरणासाठी काढतात. पुढील आकडेमोड मात्र समजण्यासाठी एकाच भिंतीची असून तीत उष्ण-कोरड्या विभागाचे गुणांक धरले आहेत. पश्चिमेकडील भिंतीचा ६० टक्के भाग काचेचा आहे असे मानू.

* विटांची भिंत (यू-मूल्य २.०), साधी एकेरी काच (यू-मूल्य ५.८, सौर उष्णता लब्धी गुणांक ०.८२) : सुमारे ५२ वॅट. हे मर्यादेच्या तिपटीहून अधिक आहे आणि त्यापैकी सुमारे ३९ वॅट थेट उन्हाचे आहेत.
* हलक्या वायुमिश्रित ठोकळ्यांची भिंत (यू-मूल्य ०.८), दुहेरी काच (यू-मूल्य २.८, लब्धी गुणांक ०.३०) : सुमारे २० वॅट. महाग काच घेऊनही मर्यादा ओलांडलेलीच राहते.
* वरील रचनेलाच बाहेरून सावली देऊन लब्धी गुणांक परिणामतः ०.१५ केल्यास : सुमारे १३ वॅट.
* दुसरीच रचना, बाहेरील सावलीशिवाय, उत्तरेकडे केल्यास : सुमारे ११.५ वॅट.

काचेचा दर्जा, दिशा आणि बाहेरील सावली या तिन्हींचा विचार म्हणून एकत्र करावा लागतो. आतील पडद्याचा उपयोग मर्यादित असतो, कारण ऊन काच ओलांडून आत आल्यानंतर तो ते अडवतो.

== श्रीगोंदा परिसरातील परिस्थिती ==

श्रीगोंदा सुमारे १८.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर दक्षिणेकडे असतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो मध्यान्ही डोक्याच्या किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे दक्षिणेकडील काचेवर आडवा छज्जा पुरेसा ठरू शकतो. पश्चिमेकडे मात्र दुपारनंतरचे तिरपे ऊन छज्जाखालून आत येते. तेथे उभे पडभिंतीचे पाख, जाळी, बाहेरून सोडलेले बांबूचे पडदे किंवा झाडांची सावली लागते.

महादजी शिंदे यांच्या घराण्याशी संबंधित वाड्यांसाठी श्रीगोंदा परिचित आहे. जिल्ह्यातील जुन्या वाड्यांत जाड भिंती, बाहेरच्या बाजूस मोजकी उघडी जागा आणि आत मोकळा चौक अशी मांडणी आढळते. उजेड व वारा चौकातून घ्यायचा आणि उन्हाची बाजू बंद ठेवायची, हे त्या रचनेचे सूत्र आहे. काचेची वाढीव खोली याच्या नेमकी उलट असते.

== इतर देशांशी तुलना ==

इंग्लंडमधील बांधकाम नियमांच्या 'भाग एल'चा रोख उष्णता बाहेर जाऊ न देण्यावर आहे. तेथे वाढीव खोलीतील काच व दारे तिच्या चटई क्षेत्राच्या २५ टक्क्यांपर्यंत मर्यादित असतात. त्यात वाढीव बांधकामामुळे झाकल्या गेलेल्या जुन्या खिडक्या-दारांचे क्षेत्र मिळवता येते. याहून अधिक काच हवी असल्यास संपूर्ण घराच्या ऊर्जावापराची आकडेमोड करून भरपाई दाखवावी लागते. तेथील पद्धती भारतात जशाच्या तशा वापरल्यास दिशाभूल होते, कारण उष्णता धरून ठेवणारी काच उन्हाळ्यात खोली अधिक तापवू शकते.

== मर्यादा ==

लहान गावांतील बहुसंख्य घरांचे भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा लहान असल्याने ती संहितेच्या मूळ कार्यक्षेत्राबाहेर राहतात. नियम लागू नसला तरी ऊन कमी होत नाही. पश्चिमेकडे साध्या काचेची खोली बांधणाऱ्या कुटुंबाला ती एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर बंद ठेवावी लागते किंवा वातानुकूलन यंत्राचे वीजबिल भरावे लागते. संहितेचे निकष अशा ठिकाणी स्वेच्छेने वापरता येतात. त्यासाठी काच खरेदी करतानाच यू-मूल्य, सौर उष्णता लब्धी गुणांक आणि प्रकाश पारगम्यता हे तीन आकडे उत्पादकाकडून लेखी घेणे आवश्यक असते. केवळ काचेचा रंग किंवा जाडी पाहून यांपैकी एकही आकडा निश्चित सांगता येत नाही.