प्रोफाइलिंग, सी आज्ञावलींचे
प्रोफाइलिंग, सी आज्ञावलींचे : सी या भाषेत लिहिलेली आज्ञावली चालू असताना तिच्या कोणत्या भागात संगणकाचा किती वेळ खर्च होतो, हे मोजण्याची पद्धत. याविषयीचा लेखकाचा अंदाज पुष्कळदा चुकतो व नको त्या भागावर श्रम वाया जातात. डॉनल्ड कनूथ यांनी फोर्ट्रान आज्ञावलींच्या पाहणीवरून १९७१ मध्ये असे दाखविले की, आज्ञावलीच्या ४ टक्क्यांहूनही कमी भागात सामान्यतः तिचा निम्म्याहून अधिक वेळ जातो.

सी आज्ञावलीतील ‘मेन’ हे फंक्शन सुरू होण्यापूर्वी प्रारंभक हा छोटा भाग चालतो. मोजणीची सिद्धता येथेच केली जाते. बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) संकलकाला ‘-पी’ ही सूचना दिल्यास नेहमीच्या प्रारंभकाऐवजी मोजणी सुरू करणारा प्रारंभक जोडला जाई. मूळ लेखनात बदल करावा लागत नसे. या पद्धतीत आज्ञावलीने व्यापलेल्या स्मृतीचे लहान कप्पे कल्पून प्रत्येकासाठी एक गणक राखून ठेवतात. घड्याळाच्या ठराविक ठोक्याला जो कप्पा कार्यरत आढळेल त्याचा गणक एकाने वाढतो. त्यामुळे वेळेचे आकडे हे नमुन्यांवरून काढलेले अनुमान असते. फंक्शन किती वेळा बोलावले गेले याची मोजदाद मात्र संकलकाने घातलेल्या सूचनांमुळे प्रत्यक्ष होते.

अनेकांनी वापरलेल्या एखाद्या फंक्शनाचा खर्च कोणाच्या खाती मांडावा, हा प्रश्न मात्र उरला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील सूझन ग्रॅहम, पीटर केसलर व मार्शल मॅकुसिक यांनी १९८२ मध्ये ‘जीप्रॉफ’ या साधनाद्वारे त्यावर तोड काढली. कोणी कोणास किती वेळा बोलावले याची नोंद ठेवून हे साधन त्या प्रमाणात वेळ वाटून देते. प्रत्येक वेळी सारखाच खर्च होतो असे गृहीत धरल्याने ही वाटणी क्वचित दिशाभूल करते. ४·२ बीएसडी (१९८३) या प्रणालीबरोबर ते प्रसृत झाले. पुढे ग्नू प्रकल्पानेही आपले जीप्रॉफ तयार केले.

नोंदी आज्ञावलीच्या समाप्तीस फाइलीत लिहिल्या जात असल्याने ती मध्येच कोसळल्यास सर्व मोजणी व्यर्थ जाते. शिवाय मोजणीमुळे आज्ञावलीचा वेगही मंदावतो. लिनक्स प्रणालीत २००९ मध्ये आलेले ‘पर्फ’ हे साधन आधीच चालू असलेल्या आज्ञावलीचेही बाहेरून निरीक्षण करू शकते. त्यासाठी प्रारंभक बदलावा लागत नाही.