खिडकी बंद, कागद उघडाच : टेक्स्ट एडिटरमधल्या बफरचा इतिहास

मोहोपाड्यात बोलतोय, तर सुरुवात सातबाऱ्यापासूनच करू. रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, सर्व्हे नंबरांचे हिस्से पडले, त्यामुळे 'बंद सातबारा' हा शब्द इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं तर ते पुसून टाकत नाहीत, त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा नंबर येतो. नोंद चालू नाही, पण गेलेलीही नाही. वारसाचा किंवा मोबदल्याचा प्रश्न निघाला की तोच बंद कागद मागावा लागतो.

बंद करणं आणि नाहीसं करणं यातला हा फरक टेक्स्ट एडिटरला शिकायला बरीच वर्षं लागली.

केन थॉम्पसनचा 'एड' 1969 चा. तेव्हा पडदा नव्हता, टाइपरायटरसारखं यंत्र कागदावर ओळ छापायचं. फाइल उघडली की तिची एक प्रत मेमरीत यायची. ती प्रत म्हणजे बफर. सगळी खाडाखोड त्या प्रतीवर चालायची, आणि 'डब्ल्यू' दिल्याशिवाय डिस्कवरच्या मूळ फाइलला धक्का लागत नसे. म्हणजे दोन गोष्टी पहिल्यापासून वेगळ्या होत्या : डिस्कवरची फाइल आणि मेमरीतला बफर. जतन न करता बाहेर पडायला निघालात तर एड फक्त एक '?' छापतो. पुन्हा 'क्यू' दिला की काम गेलं! इतका अबोल कारकून मी दुसरा पाहिला नाही.

पडदा आला आणि तिसरी गोष्ट जन्माला आली, ती खिडकी. 1976 हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी बर्कलीत बिल जॉयचं 'व्हीआय'चं काम सुरू झालं आणि एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील यांच्या हातून 'ईमॅक्स' आकाराला आला. दोघांचे स्वभाव वेगळे. व्हीआयचा हट्ट असा की एका वेळी एकच फाइल हातात, दुसरीकडे जायचं तर आधी जतन करा. ईमॅक्सने मात्र कितीही बफर उघडे ठेवू दिले. खिडकी हे फक्त बफर बघायचं भोक. एकाच बफरवर दोन खिडक्या ठेवा, किंवा वीस बफर खिडकीविना पडून राहू द्या, त्याची तक्रार नाही.

गोंधळ इथेच होतो. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स, शून्य दाबलं की खिडकी जाते, बफर जागेवरच असतो. बफर घालवायला कंट्रोल-एक्स, के. ब्रॅम मूलेनारच्या 'व्हिम'मध्ये 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत अनेक खिडक्या आल्या, तिथेही तेच : कोलन-क्यूने खिडकी बंद, यादीतून नाव काढायचं तर कोलन-बीडी. आपण खिडकी मिटतो आणि आवरलं असं समजतो. टेबल रिकामं दिसतं, पण सगळे रुमाल खाली सोडून ठेवलेले असतात.

का आवरायचं? जुनं उत्तर होतं मेमरी. ईमॅक्स या नावाची थट्टा करत लोक त्याचा विस्तार 'आठ मेगाबाइट आणि सतत अदलाबदल' असा करायचे. आठ मेगाबाइट तेव्हा चैन होती! आज आपल्या खिशातल्या फोनला त्याचं काही वाटणार नाही, म्हणून हे कारण जवळजवळ संपलं.

दुसरं कारण मात्र जिवंत आहे : चुकीच्या कागदावर लिहिणं. 'यादी' नावाच्या दोन फाइली, एक या वर्षीच्या फोल्डरमधली, एक गेल्या वर्षीची. दोन्ही उघड्या. ईमॅक्स पूर्वी दुसरीला नुसतं '2' असा आकडा चिकटवायचा. मग दुसरी कुठली? आधी जी उघडली ती पहिली, एवढाच हिशोब. 2014 च्या 24.4 आवृत्तीपासून तो आपण होऊन नावापुढे फोल्डरचं नाव दाखवू लागला. सुधारणा छोटी वाटते, पण मला ती महत्त्वाची वाटते. सर्व्हे नंबर सारखाच असलेल्या दोन गावांचे उतारे शेजारी ठेवून काम केलेल्याला गावाच्या नावाची किंमत विचारा.

साफसफाई आपोआप करायचीही सोय आहे. सॅम स्टाइनगोल्डने ईमॅक्ससाठी 'मिडनाइट' लिहिलं. नावाप्रमाणे ते मध्यरात्री फेरी मारतं आणि तीन दिवसांत पडद्यावर न आलेले बफर काढून टाकतं. त्याने काय वगळलंय ते बघण्यासारखं आहे. समोर दिसत असलेला बफर ते घेत नाही. ज्यामागे एखादी प्रक्रिया चालू आहे तो घेत नाही. फाइलमधला बदल जतन व्हायचा असेल तर महिना झाला तरी त्याला हात लावत नाही. हाताने घालवायला गेलात तरी अशा बफरबद्दल ईमॅक्स आधी विचारतो. आणि मिडनाइट मुळात बंदच असतं, हवं त्याने ते चालू करायचं.